निडीला उतरलेला मामा

माझ्या मामाला सातासमुद्रापलीकडे नेऊन बसवलं ते मी, आणि त्याबद्दल तो कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही. आता मात्र कुणीही विचारा, छाती पुढे काढून सांगतो की इंटरनेटवर गेलेला पेण तालुक्यातला पहिला मामा तोच. मी खोडून काढत नाही. त्याने ते कमावलंय.

सगळं ताईच्या लग्नापासून सुरू झालं. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. आमचं गाव पेणच्या खाडीकाठचं, घराणं मिठागरात राबलेलं. ताईला दिलं रोह्यापलीकडच्या अष्टमी गावात, आणि लग्नही तिथेच त्यांच्या दारात होतं. आमचं वऱ्हाड सकाळी टेम्पोने पोचलं. मामा मागून पॅसेंजरने येणार होता, कारण आहेराची साडी पेणला फॉल-बिडिंगला टाकलेली होती आणि ती हातात पडल्याशिवाय त्याला निघता येईना. आता मामाशिवाय नवरी मांडवात येत नाही, तिला हाताला धरून आणायचा मान त्याचा. पॅसेंजर रोह्याला येऊन रिकामी झाली. मामा नाही.

त्याच गाडीने आलेल्या एका पाहुण्याने खुलासा केला. "मामा? तो तं निडीलाच उतरला! मी हाका मारल्या, पन गारी सुटली." निडी म्हणजे रोह्याच्या अलीकडचं स्टेशन. क्रॉसिंगला गाडी थांबली, चारदोन माणसं ट्रंका घेऊन उतरली, झोपेतून दचकून उठलेल्या मामाला वाटलं रोहा आलं. साडीचं बोचकं घेऊन तोही उतरला.

भटजी घड्याळ बघायला लागले. नवऱ्याकडची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. माझ्या आईचा चेहरा उतरला, भाऊ तिचा ना! तेव्हा आत्याने पदर खोचला.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण आणि आमच्या गावाची धवलारीण. आम्हा आगरी लोकांच्या लग्नात धवला गाणारी बाई भटजीइतकीच लागते. ती एक ओळ पुढे टाकते आणि मागे बसलेल्या बायका तीच ओळ उचलतात. मिठागरात या बांधावरून त्या बांधावर हाका मारून मारून आत्याचा आवाज असा झालेला की मांडवाला लाऊडस्पीकर लावायची गरज नव्हती. वेळ काढायचा होता आणि हातातला धवला संपत आला होता. आत्याने तिथल्या तिथे नवा जोडला:

"मामा निंगाला पेनशी, गारीन बसला गो
गारीचे झुल्यावर मामा झोपून हसला गो
गारी थांबली निडीला, मामा उतरला गो
नवरी उभी रोह्यान, मामा इसरला गो"

नवऱ्याकडच्या बायका आधी हसल्या, मग ओळ उचलायला लागल्या. आत्या कडव्यामागून कडवं रचत गेली. निडीच्या स्टेशनमास्तरला मामा काय म्हणाला, साडी काय म्हणाली, सगळं. भटजीही मान डोलावत होते. शेवटी मामा विटांच्या ट्रकमधून आला, डोक्यावर लाल भुगा, छातीशी साडी, आणि आत्याने ट्रकचं कडवंही जोडलं, सगळा मांडव त्याच्याकडे बघून त्याचंच गाणं म्हणत होता. ताईची पहिली आठवण त्या घरातली ती आहे. रुसवेफुगवे होता होता राहिले ते आत्यामुळे, असं ताईची सासू अजून सांगते.

धवल्याचा एक कायदा आहे. कुणी लिहिला नाही, पण मोडलेला मी कधी पाहिला नाही. कुणीही बाई आत्याच्या मागे बसावी, ओळ उचलावी, घरी जाऊन तेच गाणं आपल्या दारात गावं. आत्या कुणाला विचारत नाही आणि कुणी आत्याला विचारत नाही. अट एकच. नावं बदलायची. नवरीचं, नवऱ्याचं, गावाचं, देवाचं नाव आपलं घालायचं. दुसऱ्याच्या लग्नातली माणसं आपल्या मांडवात गाण्यातून आणली तर तो अपशकुन. ती बिनआमंत्रणाची येतात आणि बसून राहतात, असं आत्या म्हणायची.

दशक संपत आलं तेव्हा मी पेणला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लास चालवणारे सर हौशी माणूस. त्यांनी इंटरनेट घेतलं. फोन लावला की मॉडेम जे किंचाळायला लागायचं, ते खालच्या मजल्यावरचा पेपरवाला वर येऊन विचारायचा, कुणाला चावलं काय. सरांनी मला वेबपेज करायला शिकवलं आणि म्हणाले, "काहीतरी तुझं टाक."

माझं म्हणजे काय? मला एकच सुचलं. आत्याला क्लासवर आणलं, पंख्याखाली बसवलं आणि तिचे धवले उतरून घेतले. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर नुसते चौकोन होऊन दिसायची, म्हणून पानंच्या पानं चित्र करून चढवली. परदेशातली एक कंपनी पानांना फुकट जागा द्यायची, तिथे ती ठेवली. नावांच्या जागी टिंबं दिली आणि वर लिहिलं, "इथे आपल्या माणसांची नावं घालून गावं." निडीच्या गाण्यात मात्र माणसाचं नाव नव्हतंच, नुसता मामा होता. मला ते इतकं आवडायचं की एक अक्षर न बदलता ठेवलं.

आत्याने पडद्यावर आपलं गाणं पाहिलं. वाचता येत नव्हतं, तरी बोट ठेवून विचारलं, "यो मामा कुठं हाय?" मी ओळ दाखवली. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं. "आता यो कुठं कुठं दिसंल?" मी म्हटलं, दुबईत, अमेरिकेत, जिथे कुणी उघडेल तिथे. ती खुदकन हसली. "म्हंजी निडीच्या बी पुढं जेला म्हनायचा."

मामाला हे कळलं आणि तो पेटला. तरातरा क्लासवर आला, शिकणाऱ्या मुलींसमोर उभा राहिला. "इतकी वर्सं गावात हसत व्हती ती पुरली नाय? आता दुबईवाल्यांनी पन हसायचं? काढ ते!"

मी काही गरीब गाय नव्हे. म्हटलं, "निडीला मी उतरवलं होतं का?"

तो गेला तो बोलणंच बंद. मी समोरून येताना दिसले तर तो चपलेचा अंगठा नीट करायला वाकायचा. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू! गाणं चांगलं होतं आणि ते राहणार होतं.

पत्रं, म्हणजे ईमेल, यायला लागली. आखातात कामाला गेलेल्या आमच्या माणसांची, मुंबईत वाढलेल्या पोरींची. एकीने लिहिलं, आजीकडून ऐकलेलं कडवं तुमच्या पानावर सापडलं, मी रडले. मी ती सगळी आत्याला वाचून दाखवायची. ती ऐकायची आणि शेवटी प्रत्येकीबद्दल एकच विचारायची, "नावं बदलली ना तिनं?"

मग माझं लग्न ठरलं. मुलगा रोह्याचा, धाटावच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारा. आत्याने सुपारी फुटायच्या आधीच जाहीर केलं होतं की या पोरीचा धवला असा गाईन की कुंडलिका नदी थांबून ऐकेल. आई नसलेल्या मुलीला, आई ताईच्या लग्नानंतर लवकरच गेली होती, एवढं एक मोठं आधाराचं होतं. साड्या, दागिने, हॉल, मला कशाचंच काही वाटत नव्हतं. आत्या गाणार, एवढंच हवं होतं.

आणि तेव्हाच ती कॅसेट आली.

आत्या पेणच्या स्टँडवरून विक्रम रिक्षाने घरी निघाली होती. ड्रायव्हरने टेप लावला. सिनेमातल्यासारख्या बारीक गळ्याने, ढोलकी आणि कीबोर्ड घेऊन, कुणीतरी बाई गात होती: मामा निंगाला पेनशी. आत्या आधी हरखली. मग तिने कव्हर मागितलं आणि ड्रायव्हरकडूनच वाचून घेतलं. कुणा एका पुरुषाचं नाव, शब्द त्याचे, संगीत त्याचं. खाली बारीक अक्षरात, सर्व हक्क राखीव, परवानगीशिवाय जाहीर गायन केल्यास कायदेशीर कारवाई.

संध्याकाळी मी घरी गेले तर ती ओटीवर बसलेली. मला म्हणाली, "पोरी, तुजे लग्नान दुसरी कोन बघ. मी नाय गात."

"का?"

"त्यांचा हाय आता. छापलाय. दुसऱ्याच्या मालाला मी हात नाय लावत, जन्मात लावला नाय."

मी चिडले, ओरडले, समजावलं. आत्या ढिम्म. गावात कुणीतरी थट्टाही केली होती, आत्ये, गाताना पोलीस येतील गो. तिला थट्टा कळत होती, पण छापलेल्या अक्षराचा धाक जबरदस्त. जिने आयुष्यभर गाणं वाटलं, तिलाच ते चोरीचं वाटायला लागलं. त्या माणसाचा गळा धरावा असं मला वाटत होतं.

दुसरा फटका त्याच आठवड्यात बसला. पान उघडलं तर पानच नाही. जागा देणाऱ्या कंपनीचा इंग्रजी निरोप: या मजकुरावर दुसऱ्याचा कॉपीराइट असल्याची तक्रार आली, म्हणून तो काढला आहे. आमच्याच पानावरून उचललं आणि आम्हालाच चोर ठरवलं. सरांनी निरोप दोनदा वाचला. "यांच्याकडे हरकत घेता येते," ते म्हणाले. "पण गाणं तुमचं हे दाखवायचं कसं? तो म्हणेल, लोकगीत आहे, दोघांनी एकाच ठिकाणाहून घेतलं."

मी कॅसेट विकत आणून क्लासमध्ये लावली. पहिलं गाणं, दुसरं गाणं, टिंबांच्या जागी त्यांनी कुठलीतरी गोडगोड नावं घातलेली. आणि मग निडी. जशीच्या तशी. स्टेशनमास्तर, साडी, विटांचा ट्रक, सगळं. मी उठून उभीच राहिले. टिंब दिसलं नाही म्हणून त्यांनी बदललं नव्हतं! आमच्याकडची लहान पोरगीसुद्धा दुसऱ्याच्या लग्नातला मामा असा उचलून आणणार नाही. यांनी आणला होता, आणि तो मामा तर चालताबोलता पेणमध्ये फिरत होता.

फक्त तो माझ्याशी बोलत नव्हता.

मी त्याच्या घरी गेले. तो अंगणात जाळं विणत बसलेला. मान वर केली नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कॅसेट, पान, आणि आत्या गाणार नाही म्हणते ते. तो काढायला सांगत होता ते पान निघालंय, असंही सांगितलं. वाटलं खूश होईल. त्याने सुतळी खाली ठेवली.

"म्हंजी तो मानूस म्हनतो की मामा त्याचा हाय?"

"तो म्हणतो, मामा त्याने रचला."

"रचला? मना?" मामा उठला. "उतरलो मी, चाललो मी, विटांवर बसून आयलो मी, आनि रचला त्यानं?"

कंपनीचा माणूस पेणला कॅसेटच्या दुकानात ऑर्डर घ्यायला यायचा, हे दुकानदाराने मला सांगून ठेवलं होतं. त्या दिवशी आम्ही गेलो. मी, सर आणि मामा. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आत्या यायला तयार नव्हती, पण ताई अष्टमीहून येऊन तिला ओढतच घेऊन आली. दुकानात गणपतीच्या दिवसांची गर्दी, जोहे-हमरापूरचे मूर्तिवाले शाडूच्या हातांनीच कॅसेटी चाळत होते.

माणूस सभ्य होता, हे कबूल करायला हवं. गोड बोलला. "मॅडम, ही लोकगीतं आहेत. कुणाची नसतात."

"मग तुमची कशी?" मी म्हटलं.

त्याने कव्हर पुढे केलं. "आमच्या गीतकारांनी भर घातली आहे. नवी कडवी आहेत. आता हा मामा बघा. किती छान कल्पना आहे! तो पूर्ण काल्पनिक आहे."

मामा पुढे झाला. मी त्याला आयुष्यात इतका उंच पाहिला नव्हता.

"काल्पनिक?" तो म्हणाला. "हात लावून बघ."

आणि भर दुकानात त्याने सांगायला सुरुवात केली. पेणला साडी कुणाकडे टाकली होती, गाडीत कुठल्या बाजूला बसला होता, निडीला उतरल्यावर पहिल्यांदा कुणाला विचारलं, ट्रकवाला कुठल्या भट्टीचा. जी गोष्ट वर्षानुवर्षं त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती, ती तो आपणहून, हातवारे करून सांगत होता. ताई म्हणाली, "नवरी मी. मीच उभी होते रोह्याला." लोक जमले. एक मूर्तिवाला म्हणाला, "अहो, त्या लग्नात मी जेवलोय! ह्या बाईंनी गायलं होतं." त्याने आत्याकडे बोट केलं.

सगळे आत्याकडे वळले. सरांनी त्या माणसाला शांतपणे सांगितलं की जुने धवले कुणाचेच नाहीत म्हणून सगळ्यांचे आहेत, आणि निडीचं गाणं या बाईंनी रचलेलं आहे म्हणून त्यांचं. दोन्हीकडून तुमचं काहीच नाही.

माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने घाम पुसला आणि आत्याला म्हणाला, "मावशी, मिटवून टाकू. कव्हरवर तुमचं नाव छापतो, मानधन देतो. फक्त गाणं कंपनीला दिलं असं लिहून द्या."

मी आत्याकडे पाहिलं. मला भीती वाटली. ती छापलेल्याला घाबरणारी बाई, हो म्हणून मोकळी होईल.

आत्याने त्याला आपादमस्तक पाहिलं. "नाव बदलायचं ठाऊक नाय तुला, आनि गानं पायजे? गा की. तुला कोन नको म्हनतं? आमची पोरं गातात, तू बी गा. तुजा मामा घाल त्यात. पन मी गाऊ नको असं जे छापलंय ना, ते पुस आदी."

दुकानात जो हशा आणि जो गलका झाला, तो मला अजून ऐकू येतो. त्याने तिथेच, सरांनी मजकूर सांगत, तक्रार मागे घेतल्याचं लिहिलं. कव्हरं बदलून देईन म्हणाला, आणि पुढच्या खेपेची कॅसेट खरंच बदललेली आली. बारीक अक्षरं गेली होती. निडीही गेली होती, हे मामाला आवडलं नाही.

पान परत सुरू झालं तेव्हा मी आत्याला विचारलं, वर काय लिहू? ती सांगत गेली, मी टाइप केलं. कुणीही न्या, कुणीही गा, माणसं आपली घाला, आणि दुसरं कुणी गात असेल तर त्याला अडवू नका. सर म्हणाले, वकिलाला यात भर घालता येणार नाही.

माझ्या लग्नात आत्या गायली. मांडव रोह्यात होता आणि कुंडलिका थांबली की नाही ते मी सांगू शकत नाही, मी रडत होते. आईच्या जागी तो आवाज होता. आमंत्रण नसलेली माणसं आत येऊन उभी राहिली होती, ड्युटीवर निघालेले कामगार सायकली धरून ऐकत होते. आणि मध्येच आत्याने माझ्याकडे बघून नवं टाकलं:

"पोरीनं गाना टांगला आभालाचे तारंला गो
कोनी बी उतरून न्यावा, करी नाय दारंला गो"

बिनकडीच्या दाराची ती ओळ बायकांनी उचलली. मामा माझ्या मागे उभा होता. तो आदल्या दिवशीच मुक्कामाला आला होता. माझ्या कानाशी वाकून पुटपुटला, "आनि निडी?" मी मानेनेच नाही म्हटलं. तो जागेवरूनच आत्याला म्हणाला, "आवो, निडीचं गा की. माजा हक्क हाय त्याच्यावर!"

आत्या गाणं न तोडता म्हणाली, "हक्क त्या कॅसेटवाल्याचा, त्याला इचार. तू आज येळंवर आयलास, आता कसली निडी?" आणि धवल्याच्या कायद्याला धरून तिने ती गायली नाही. मामाचं तोंड एवढंसं झालं.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले ते एक ईमेल छापून घेऊनच. आखातात राहणाऱ्या एका बाईने लिहिलं होतं. मुलीचं लग्न इकडे येऊन केलं, धवलारीण कुठे मिळाली नाही, म्हणून पानावरून स्वतःच शिकून गायली. त्यांच्या मामाने विमान चुकवलं होतं, तर निडीऐवजी विमानतळ घातलं.

आत्या पायरीवर बसून ऐकत होती, मामा खांबाला टेकून. संपलं तसं आत्याने विचारलं, "म्हंजी मामा बदललान तिनं?"

"बदललान. गावं, नावं, सगळं."

"मंग गानं तिचं झालं," आत्या म्हणाली आणि समाधानाने पाय पसरून बसली.

मामा मात्र अस्वस्थ होता. त्याने कागद माझ्या हातातून घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"तो इमानवाला मामा," त्याने विचारलं, "पोचला का गो येळंवर?"

"पोचला," मी म्हटलं.